एलियटच्या जहाजाचे मस्तक

१

देह सर्वांगी शाबूत असावा आणि एक मस्तक तेवढे नसावे, हे दृश्य लाकडाच्या बाबतीतही पाहवत नाही.

दुबईतील देऱ्यात, खाडीच्या काठी, कॅप्टन हम्माद परकार यांचे कार्यालय आहे. त्याच्या पश्चिमेकडील खोलीत, खिडकीलगत, काचेच्या पेटीत एका जुन्या अमेरिकन युद्धनौकेची पुरुषभर लांबीची प्रतिकृती उभी होती. तिन्ही डोलकाठ्या, दोरांचे जाळे, तोफांची दारे, सर्व यथास्थित होते. केवळ नौकेच्या अग्रभागी उभ्या असलेल्या लाकडी पुरुषाच्या खांद्यांवर काही नव्हते. मानेच्या जागी ओबडधोबड छेद होता, आणि पेटीच्या तळाशी लाकडाचा भुसा सांडला होता.

"खानोलकरसाहेब, तुम्ही एवढेच लिहून द्या," कॅप्टन म्हणाले, "की हे डॅमेज ॲक्सिडेंटल नाही. कोणीतरी जाणूनबुजून करवत चालवली. तुमच्या सहीला या शहरात अजून वजन आहे. मग संध्याकाळी मी पोलिसांत कंप्लेंट देतो. खलास."

दत्तप्रसाद खानोलकर यांनी उभा जन्म सागरी विम्याच्या सर्वेक्षणात घालविला होता. बुडालेल्या, जळालेल्या आणि बुडाल्याचे सोंग घेतलेल्या नौकांशी त्यांचा दीर्घ परिचय होता. निवृत्तीनंतर ते अल कुसैसला मिहिका या आपल्या कन्येकडे राहत, आणि जुन्या ओळखीच्या कोणी बोलाविले तर नाही म्हणत नसत.

"कंप्लेंट कोणाविरुद्ध?" त्यांनी विचारले.

"हारुनविरुद्ध. करवत त्याच्याच पिशवीत सापडली. माझ्या जहाजावर हा सुकाण धरायचा. पुढे नजर गेली, तर मीच इथे सुतारकामाला ठेवला. व्हिसा माझा, खोली माझी. आणि त्याने हे केले." कॅप्टनांनी पेटीच्या काचेवर बोट टेकविले. "पहिल्या दिवसापासून कुरकुर होती त्याची, चेहरा कोरणे हराम म्हणून. शेवटी हात चालवलाच. शनिवारी माझा सत्कार आहे, पुस्तकाचे प्रकाशन आहे. हे काय मी स्टेजवर नेऊ?"

"आणि हारुन काय म्हणतो?"

"काय म्हणणार? गप्प आहे. गुन्हेगार गप्पच असतो."

मौनाची अनेक कारणे दत्तप्रसादांनी पाहिली होती, आणि त्यांपैकी अपराध हे सर्वांत दुर्मीळ होते.

२

पुस्तक होते जेसी एलियट या अमेरिकन नौसेनानीवर. त्याचे चरित्र वादाने आरंभले आणि वादातच संपले. इसवी सन अठराशे तेरामध्ये ईरी सरोवरावर इंग्रजांशी युद्ध झाले, तेव्हा सेनापती पेरी याची नौका तोफांच्या माऱ्याखाली छिन्नभिन्न होत होती, आणि एलियटची नौका, जवळजवळ अक्षत, दूर रेंगाळत होती. वारा पडला होता, असे एलियट म्हणे. इतर म्हणत, धैर्य पडले होते. अखेरीस पेरी एका होडीतून एलियटच्या नौकेवर आला आणि तीच घेऊन त्याने युद्ध जिंकले. विजयाच्या हर्षात, एका सहकाऱ्याची अप्रतिष्ठा नको म्हणून, त्याने आपल्या वृत्तांतात एलियटची स्तुती केली. पुढे सत्य सांगावेसे वाटले, तेव्हा त्याच स्तुतीची ढाल करून एलियट उभा राहिला. पेरी लवकर वारला. एलियट जगला, सुवर्णपदक मिरविले, विख्यात युद्धनौकेच्या, पेटीतील प्रतिकृती जिची होती तिच्याच, अग्रभागी राष्ट्राध्यक्षाचा पुतळा बसविला. एका पावसाळी रात्री कोणीतरी त्या पुतळ्याचे मस्तक कापून नेले. पुढे लष्करी न्यायासनापुढे तो दोषीही ठरला.

कॅप्टन हम्मादांच्या ग्रंथात मात्र तो सर्वथा निर्दोष होता.

"इतिहासात कापले तसेच इथे कापले," कॅप्टन विषादाने म्हणाले. "फरक एवढाच की तेव्हाचा माणूस बाहेरचा होता."

"मस्तक शाबूत असे शेवटचे कोणी पाहिले?"

"मीच. काल दुपारी, जोहरच्या वेळी. मी या दारावरून जात होतो. हारुन इथे नमाज पढत होता, समोर पेटीत पुतळा डोक्यासकट उभा. मला नीट आठवते, खिडकीतून ऊन त्याच्या चेहऱ्यावर होते. मग मी केबिनमध्ये गेलो. संध्याकाळी क्लाएंटला मॉडेल दाखवायला आलो, तो हे. मधल्या वेळेत या खोलीत हारुनशिवाय कोण येतो?"

"पेटीला कुलूप आहे."

"किल्ली त्या खिळ्याला असते. सगळ्यांना ठाऊक आहे."

दत्तप्रसादांनी किल्ली घेतली, पेटी उघडली, चष्मा पुसला आणि छेदावर दृष्टी टेकविली. सागवानाच्या मानेच्या मध्यभागी दुसऱ्याच लाकडाचे काळसर वर्तुळ दिसत होते, रुपयाएवढे. मानेच्या कडेला करवतीचे ओरखडे होते. एक इथे सुरू होऊन सुटलेला, दुसरा तिथे, तिसरा तिरपा. जणू लाकूड करवतीला पाठ फिरवीत होते.

ते बराच वेळ तसेच वाकून राहिले.

"लिहून देता ना?" कॅप्टनांनी विचारले.

"देईन," दत्तप्रसाद म्हणाले. "आधी इतरांशी बोलतो."

३

उमैमा कार्यालयाचे टपाल, हिशेब आणि गेले वर्षभर एलियटच्या ग्रंथाचे टंकलेखन पाहत असे. हारुन तिचा सख्खा मामा. तिचे वडील अक्रम यांची मालवाहू नौका फुजैराच्या किनाऱ्यापुढे समुद्रात जळाली, तेव्हा ती शाळेत होती. जवळच कॅप्टन हम्मादांची नौका होती. त्यांनी वाचविता येतील तितके खलाशी वाचविले. अक्रम वाचले नाहीत. कॅप्टनांना त्या कामगिरीबद्दल शौर्याचे मानपत्र मिळाले. ते त्यांच्या केबिनच्या भिंतीवर आहे.

"काका, मामूने नाही केले," ती हलक्या आवाजात म्हणाली. "काल दुपारी तो चहाला खाली धक्क्यावर गेला होता. पण तो बोलतच नाही. मी म्हटले, मामू, डिपोर्ट करतील, गावात तोंड कसे दाखवशील. तर म्हणतो, अल्ला बघतोय. अरे, अल्ला बघतोय, पण पोलीस पण बघणार आहेत ना."

"तू रागावली होतीस का कधी या मॉडेलवर?"

"मॉडेलवर? नाही. पुस्तकावर थोडी." तिने मेजावरची पाने सारखी केली. "शेवटचा चॅप्टर सरांचा स्वतःचा आहे. अब्बूंच्या जहाजाची आग, रेस्क्यू, सगळे. सरांनी लिहिलेले फारच कोरडे होते. मी म्हटले, मामू त्या दिवशी सुकाणावर होता, त्याच्याकडून ऐकून थोडे भरते. मामूला विचारले, तर तो उठून गेला."

"हे कधी?"

"मंगळवारी. परवा. मी सरांनापण सांगितले, मामू काही सांगत नाही, तुम्हीच त्याला बोला. सर म्हणाले, बोलतो."

दत्तप्रसादांनी मान हलविली. बुधवारी मस्तक गेले होते.

इतक्यात खाडीपलीकडच्या मशिदीतून अजान ऐकू आली. उमैमाने ओढणी सारखी केली. "काका, मी नमाज पढून येते. मामूच्याच खोलीत पढतो आम्ही, या मजल्यावर दुसरी जागा नाही. सर खाली गाडीने मोठ्या मशिदीत जातात, त्यांचे लोक असतात तिथे."

दत्तप्रसाद दाराबाहेरच उभे राहिले. पादत्राणे काढून हारुन आत गेला. साठीचा, रुंद खांद्यांचा, दृष्टी अधू झालेला मनुष्य. त्याने दत्तप्रसादांना पाहून सलाम केला. भिंतीवरून मुसल्ला, नमाजाची चटई, काढला, पश्चिमेकडे अंथरला. मग, जणू रोजचेच काम करावे तसा, तो खिळ्यावरची किल्ली घेऊन काचेच्या पेटीपाशी गेला, पेटी उघडली आणि हात पुतळ्याकडे नेला.

हात मानेच्या वर, रिकाम्या हवेत, थांबला.

हारुनने तो हळूच मागे घेतला, पेटी लावली, आणि मुसल्ल्यावर येऊन उभा राहिला. त्याच्या मागे उमैमा उभी राहिली.

दाराबाहेर दत्तप्रसादांनी डोळे मिटले. त्यांना उत्तर मिळाले होते, आणि ते त्यांना रुचले नव्हते.

४

जेराल्ड डाबरे वसईचा. जवळच्याच एका हॉटेलात भोजनगृहाचा व्यवस्थापक. त्याच्या घराण्यात चर्चसाठी संतांच्या लाकडी मूर्ती घडविण्याची कला चालत आलेली, आणि पुतळ्याचे मस्तक त्याने घडविले होते. तो दुपारच्या सुटीत आला, तो तक्रार करीतच.

"अंकल, माझ्यावर पण डाऊट आहे असे ऐकले. हा, मी भांडलो होतो कॅप्टनशी, प्लेटवर माझे नाव नाही टाकले म्हणून. पण म्हणून मी माझेच काम कापू? आपल्या पोराचा गळा कोण कापतो?"

"कोणी कोणी कापतो," दत्तप्रसाद म्हणाले. "मला एवढेच सांग, ते मस्तक मानेवर कसे बसविले होते?"

"खुंटीवर. हारुनभाईची आयडिया. चिंचेची खुंटी धडात पक्की ठोकली, वर डोक्याला खाली भोक. असे थोडे फिरवायचे आणि उचलायचे, निघाले."

"काढता यावे असे का?"

जेराल्ड हसला. "नमाजसाठी हो. ही मॉडेल बनली याच खोलीत, आणि बरोबर त्यांच्या मक्केच्या बाजूला. हलवणार कशी, चार माणसे लागतात. हारुनभाई म्हणाला, जेराल्ड, तोंड समोर ठेवून माझी नमाज होणार नाही. मी म्हटले, मग रोज डोके काढून ठेव बाबा, मला मान्य आहे, नंतर परत बसव. तो तसेच करायचा. काढायचा, रुमालात गुंडाळून खालच्या खणात ठेवायचा, नमाज झाली की परत. पेटी आल्यावरसुद्धा. मी थट्टा करायचो, तुझा प्रेसिडेंट दिवसातून दोनदा शहीद होतो म्हणून."

"हे उमैमाला ठाऊक होते?"

"तीच तर बसवायची कधी कधी, मामूचे डोळे नीट नाहीत ना."

"आणि कॅप्टनांना?"

जेराल्डचे हसू मावळले. तो म्हणाला, "ते कधी नमाजला वर थांबतच नाहीत, अंकल."

५

असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाच्या, आधी सर्वजण कॅप्टनांच्या केबिनमध्ये जमले. दत्तप्रसादांनी तशी विनंती केली होती. भिंतीवर मानपत्र, मेजावर ग्रंथाच्या नव्या प्रती, खिडकीखाली धक्क्यावर फ्रिज आणि टायर लादणारी लाकडी गलबते. हारुन दारापाशी उभा होता. बसण्यास सांगूनही तो बसला नाही.

"यल्ला, चला खानोलकरसाहेब," कॅप्टन म्हणाले. "सही?"

"सही देतो. करवत जाणूनबुजून चालविली गेली, यात संदेह नाही." दत्तप्रसादांचा स्वर नेहमीप्रमाणे मंद होता. "परंतु ती अशा मनुष्याने चालविली, ज्याला हे मस्तक सुटे आहे हे ठाऊकच नव्हते. खुंटीवरचे मस्तक करवतीखाली फिरत राहिले, म्हणून मानेवर इतके चुकलेले छेद. अखेर त्याने सागवानासोबत आतली खुंटीही कापली. ज्याला ठाऊक होते, त्याने ते एका बोटाने उचलून नेले असते. कापल्याचा देखावाच करावयाचा असता, तर शेजारच्या बाकावर पकडीत धरून सुबक कापले असते. हारुनला ठाऊक होते, ती योजनाच त्याची. जेराल्डला ठाऊक होते. उमैमाला ठाऊक होते."



"म्हणजे बाहेरचा कोणी," कॅप्टन म्हणाले.

"मीही तसे मानले असते. पण आपण स्वतः मला सांगितले, की काल जोहरच्या वेळी हारुन नमाज पढत होता आणि समोर पुतळा मस्तकासह उभा होता. चेहऱ्यावर ऊन होते, असेही सांगितले." दत्तप्रसादांनी चष्मा काढून हातात घेतला. "कॅप्टनसाहेब, हारुन नमाज पढत असताना त्या खांद्यांवर मस्तक कधीच नसते. ते खालच्या खणात, रुमालात असते. एकदाही नियम मोडला नाही. जे दृश्य घडलेच नाही, ते आपण पाहिले. असे दृश्य सांगण्याची गरज एकालाच होती. जोहरपर्यंत मस्तक होते आणि नंतर तिथे हारुन एकटाच होता, हे ज्याला सिद्ध करावयाचे होते, त्याला. आणि दुपारी हारुन चहाला धक्क्यावर उतरला, तेव्हा त्याच्याच करवतीने काम उरकून ती त्याच्याच पिशवीत ठेवणेही त्यालाच सुलभ होते."

कॅप्टन हम्माद खुर्चीवर मागे टेकले. त्यांच्या मुद्रेवर क्रोध नव्हता, थकवा होता. त्यांनी मेजाचा खण उघडला आणि त्यातून मस्तक काढून ग्रंथांच्या प्रतींवर ठेविले. जेराल्डने पुढे होऊन ते उचलले, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरविला आणि खिशातील रुमालात गुंडाळले.

"समुद्रात टाकायला हवे होते," कॅप्टन म्हणाले. "जमले नाही. एलियटच्या जहाजाचे होते."

"सर, पण का?" उमैमाने विचारले. "मामूने तुमचे काय केले?"

उत्तर आले ते दारापाशी उभ्या असलेल्या मनुष्याकडून. कालपासून हारुन या प्रकरणावर प्रथमच बोलत होता.

"मंगळवारी रात्री साहेबांनी बोलावले. म्हणाले, पोरीला चॅप्टरसाठी सांग, आपण फुल स्पीडने गेलो. मी म्हटले, साहेब, दुनियेसमोर एकदा बोललो. तिच्या तोंडावर नाही बोलणार."

"काय बोललास, मामू? फुल स्पीडने नाही गेलात?"

"सुकाण माझ्या हातात होते, बेटा. इंजिन साहेबांच्या हुकमावर." हारुन भिंतीवरच्या मानपत्राकडे पाहत होता. "अक्रमभाई रेडिओवर बोलत होता. जवळ ये, जवळ ये. साहेब म्हणाले, डेड स्लो. त्याच्या डेकवर डिझेलचे पिंप होते, आमच्या पण होते. आम्ही बघत उभे राहिलो. आगीचा जोर गेला, मग गेलो. जे पाण्यात उडी मारून तरंगत होते, ते उचलले."

खाली धक्क्यावर कोणी हमाल हिंदीत ओरडत होता.

"म्हणून तुम्ही," दत्तप्रसाद कॅप्टनांकडे वळून म्हणाले, "ते तोंड उघडण्याआधीच त्याला मूर्तिभंजक आणि कृतघ्न ठरविणार होता. डिपोर्ट झालेल्या मनुष्याचा शब्द कोण मानतो."

"मी माझी माणसे वाचवली," कॅप्टन म्हणाले. "माझ्या डेकवर पण माणसे होती. तुमच्यापैकी कोणी तिथे नव्हते."

"मी जाणार," उमैमा उठली. "ऑथॉरिटीकडे, कंपनीकडे, जिथे जावे लागेल तिथे. मामू येईल आणि सांगेल. चल मामू."

हारुन हलला नाही.

"जा बेटा," कॅप्टन शांतपणे म्हणाले. "कंप्लेंट मी देत नाही, खलास, तुझा मामू मोकळा. पण जाण्यापूर्वी त्याला विचार, चौकशीत त्याने काय सांगितले. कुराणावर हात ठेवून. मी एक शब्द शिकवला नव्हता."

तिने मामाकडे पाहिले.

"आपल्या जमातीचा माणूस," हारुन म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. "समोर परके बसलेले, इंग्रज, अरब. वाटले, घरची लाज परक्यांच्या पुढे कशी उघडू. अक्रमभाई तर गेला होता, तो काही परत येणार नव्हता. गावात बाराही वाड्यांनी तोंडावर थुंकले असते, परकारांच्या पोराला फासावर चढवला म्हणून. मी म्हटले, साहेब फुल स्पीडने गेले. साहेबांनी जान लावली."

"शपथेवर," कॅप्टन म्हणाले.

"शपथेवर."

दत्तप्रसादांना ईरी सरोवरावरचा तो विजयी सेनापती आठवला, ज्याने सौजन्यापोटी चार ओळी लिहिल्या आणि पुढे मरेपर्यंत त्या ओळींशी झुंजला. कॅप्टनांनी आपल्या ग्रंथात त्या चार ओळी पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरांत छापल्या होत्या. त्यांनी एलियटला नीट ओळखले होते.



अजान झाली. असरची वेळ भरली होती. कॅप्टन उठले, टोपी घेतली, आणि गाडीची किल्ली शोधत खाली गेले. त्यांना मोठ्या मशिदीत लोक भेटणार होते.

हारुन पश्चिमेच्या खोलीत गेला. त्याने मुसल्ला अंथरला. सवयीने पेटीकडे पाहिले, आणि किल्ली खिळ्यावरच राहू दिली. जेराल्ड त्याच्यामागून दारापर्यंत आला होता.

"हारुनभाई, मी नवे डोके बनवतो. शनिवार तर काय आता होत नाही, पण बनवतो."

"नको," हारुन म्हणाला. "असेच बरे. आता काही उचलावे लागत नाही."

तो उभा राहिला आणि थोडा वेळ थांबला. मागे नेहमीची चाहूल लागेल, दुसरा मुसल्ला अंथरला जाईल, याची त्याला सवय होती. मान न वळविता त्याने कान दिले.

मार्गिकेत उमैमा उभी होती. तिने दारालगतच्या भिंतीवरचा आपला मुसल्ला काढला, घडी केली, काखेत धरली, आणि पायऱ्या उतरून रस्त्यावर गेली. दत्तप्रसादांनी खिडकीतून पाहिले. धक्क्यावरच्या गर्दीतून ती मेट्रोच्या दिशेने चालत होती, आणि एकदाही मागे वळली नाही.

आत हारुनने हात बांधले आणि एकट्याने नमाज सुरू केली.